अस्सल बरहुकूम : संपूर्ण डिस्कच्या प्रतिमांचा आढावा

मध्यभारताची हिवाळी राजधानी असलेल्या ग्वाल्हेरच्या पदरी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य होऊन राजधानी भोपाळास गेल्यानंतर, महसूल मंडळ, भू-अभिलेख आयुक्तांची कचेरी, महालेखाकारांचे कार्यालय अशी मुख्यत्वेकरून दप्तरांचीच दौलत उरली. तेव्हा नक्कल म्हणजे काय आणि अस्सलाशी ताडून पाहिल्यावाचून तिला किंमत का नाही, हे ग्वाल्हेरकरांस निराळे शिकविण्याचे कारण पडू नये. तरीही ज्यांचे आजे-पणजे शिंदेशाहीच्या फडावर मोडीतले कागद ओळीस ओळ लावून मुकाबला करीत, त्यांचेच नातू आज चार फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून निर्धास्त झोपी जातात, हे पाहून डिस्कच्या प्रतिमांचा छंद जडलेल्या माझ्यासारख्यास लेखणी उचलावीशी वाटते.

संपूर्ण डिस्क उचलण्याची, म्हणजे तिची जशीच्या तशी प्रतिमा घेऊन ठेवण्याची, कल्पना जुनी आहे. सत्तरच्या दशकातच युनिक्समध्ये 'डीडी' ही आज्ञा होती, आणि तारतम्याचा पूर्ण अभाव हीच तिची थोरवी: बूट सेक्टर, पार्टिशनचा तक्ता, पुसलेल्या फायलींचे अवशेष, रिकामी जागा, सारे ती निमूटपणे उचलते, उगम आणि मुक्काम यांची अदलाबदल करून हुकूम दिला तर तितक्याच निमूटपणे सर्वस्व पुसूनही टाकते. सामान्यांच्या हाती ही विद्या आली ती मात्र न्यूझीलंडातील ऑकलंड येथील मरे हॅझर्ड यांनी नव्वदीच्या मध्यास रचलेल्या 'घोस्ट'मुळे, जे पुढे १९९८ साली सिमँटेकने विकत घेतले. घोस्टला फाइल सिस्टिम कळत असे, म्हणून ते व्यापलेली जागा तेवढीच उचली आणि दाबून बसवी. डॉसच्या एका फ्लॉपीवर मावणारा हा प्रोग्राम, विंडोज ९८, ऑफिस आणि मराठी जुळणीचा सारा सरंजाम मिळून होणारा ऐवज ६५० एमबीच्या एकाच सीडीवर आणून ठेवी. आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या त्या दिवसांत, ज्या यंत्राची पुनर्मांडणी करण्यात अख्खा दिवस खर्ची पडावयाचा ते चहा होईतो पूर्ववत उभे राही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने डिस्कचा पहिला एक एमबी भाग शून्यांनी भरून टाकला आणि काही यंत्रांचा बायोसही निकामी केला, तेव्हा दक्षिण कोरिया आणि तुर्कस्थानात हाहाकार उडाला. ज्यांच्या कपाटात प्रतिमा होती ते सावरले, पण त्यांतही प्रतिमा लागणीपूर्वीची असेल तरच, कारण प्रतिमा विषाणूचीही तितकीच इमानाने नक्कल करते. एकाच प्रतिमेवर विसंबू नये, जुनीही जपावी, हा माझा आग्रह तेव्हापासूनचा.

परंतु ज्या मुद्द्यासाठी मी आयुष्यभर वाद ओढवून घेतले तो याहून निराळा आहे. 'मजकुराच्या फायली राखा, प्रोग्राम काय, केव्हाही पुन्हा टाकता येतात' असे सांगणारा एक पक्ष तेव्हाही होता, आजही आहे, आणि त्यातील काही विद्वानांनी आमच्या पक्षास कबाडसंग्राहक ठरविले आहे. इंग्रजीपुरते त्यांचे म्हणणे चालून जाईल. मराठीची गोष्ट वेगळी. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान असले तरी विंडोजला ती समजू लागली विंडोज २००० पासून, आणि छापखान्यांच्या अंगवळणी पडण्यास त्यानंतरही बरीच वर्षे गेली. तोवर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, प्रत्येकाची संकेतव्यवस्था स्वतंत्र. गणेशोत्सवाच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, कुलवृत्तान्त असे कितीतरी साहित्य पेजमेकरमध्ये त्या टंकांत जुळविले गेले. त्यातली एखादी फाइल आजच्या यंत्रावर उघडा: रोमन अक्षरे, टिंबे आणि कंस यांचा चिखल दिसेल. संकेत पालटून देणारी साधने आहेत खरी, परंतु टंकाची आवृत्ती तंतोतंत जुळली नाही तर ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार जागा सोडतो, आणि जोडाक्षरांची जी दशा होते ती पाहवत नाही. म्हणजे मजकूर राखणाऱ्यांनी मजकूर राखला आणि वाचनाचे साधन घालविले. संपूर्ण 'सी' खंडाची प्रतिमा मात्र टंक, कळफलकाची व्यवस्था, पेजमेकरची नेमकी आवृत्ती, सेटिंगे, असे सारे बिऱ्हाड एकत्र राखते. आणि अशी प्रतिमा आज आभासी यंत्रात चालवून, थोड्या खटपटीनंतर का होईना, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पान होते तसे पडद्यावर आणता येते, तेथून पीडीएफ करता येते. अडते ते एकाच ठिकाणी: प्रिंटरच्या पोर्टला लावावयाचे कुलूप, ज्यास आम्ही डोंगल म्हणत असू, ते प्रतिमेत येत नाही. ते हरवले की जुळणीचा प्रोग्राम दार उघडत नाही.

पुढची हकिकत थोडक्यात आटोपतो, कारण तीत मला रस नाही. चालत्या यंत्राची प्रतिमा घेण्याची सोय विंडोज एक्सपी व सर्व्हर २००३ च्या काळात 'शॅडो कॉपी'ने झाली. रोजच्या फरकापुरत्या प्रतिमा घेण्याचे शास्त्र वाढले, त्यातला एक दुवा निखळला की पुढची सारी साखळी निरुपयोगी. अखंड चालणाऱ्या सर्व्हरांस हे अपरिहार्य असेल. घरी आणि छापखान्यात मात्र यंत्र बंद करून, बाहेरच्या माध्यमावरून सुरू करून घेतलेली प्रतिमाच मी प्रमाण मानतो. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात जन्मलेले 'क्लोनझिला' हे काम आजही फुकट आणि चोख करते.

प्रतिमा काढणारे पुष्कळ, उतरवून पाहणारा विरळा. प्रोग्रामने 'तपासणी पूर्ण' असे सांगितले म्हणजे फाइल वाचता येते एवढेच सिद्ध होते. यंत्र तिच्यावर उभे राहील की नाही हे दुसऱ्या डिस्कवर उतरविल्याशिवाय कळत नाही. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये ऐवज ६० जीबीचाच असला, तरी २४० जीबीच्या नव्या एसएसडीवर क्लोनझिला तिची प्रतिमा सहसा उतरवीत नाही. पार्टिशन आधी लहान करावे लागते. निराळ्या यंत्रावर उतरवावी, तर बायोसमधील डिस्कची पद्धत बदललेली असते आणि ०x७बी ही निळी पाटी समोर येते. या गोष्टी निवांतपणी कळल्या तर हसू येते. आणीबाणीत कळल्या तर रडू.

आजची स्थिती सांगताना मन विषण्ण होते. घोस्टची घरगुती आवृत्ती २०१३ मध्ये बंद झाली. मायक्रोसॉफ्टने स्वतःची प्रतिमा घेण्याची सोय २०१७ मध्ये टाकाऊंच्या यादीत घातली. मॅक्रियम या प्रतिमा घेण्याच्या प्रोग्रामची फुकट आवृत्ती २०२३ च्या अखेरीस संपली. नव्या यंत्रांत डिस्क सांकेतिक करणारा बिटलॉकर पुष्कळदा मालकाच्या नकळत चालू असतो, त्यामुळे बाहेरून घेतलेली प्रतिमा सांकेतिक बाडच निघते, दाबली जात नाही, आणि उतरविल्यावर पुनर्प्राप्तीची किल्ली मागते. क्लाउडवाल्यांचा अभिमान तर विचारूच नये. त्यांच्या जुळवणीत एका ठिकाणी पुसलेली फाइल सर्व ठिकाणी पुसली जाते. आणि बाजारातील दुरुस्तीच्या दुकानात जा, तर पोरगा मान वर न करता म्हणतो, "अंकल, फॉरमॅट मार देते हैं, डेटा डी में डाल देंगे." डी खंड बहुधा त्याच डिस्कवर असतो, आणि डिस्क गेली की तोही जातो, हे त्यास सांगण्यात अर्थ नाही.

म्हणून ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, देवास, बडोदे येथील मराठी संस्थांना, मंडळांना आणि छापखान्यांच्या वारसांना माझी विनंती आहे. माळ्यावरचे जुने यंत्र दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी त्याची डिस्क काढून घ्या. ती कुरकुरत असेल तर प्रथम डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने जेवढे निघेल तेवढे उचला. प्रतिमा दोन डिस्कांवर, दोन घरांत ठेवा. आणि डोंगल, मूळ फ्लॉप्या व प्रोग्रामच्या आवृत्तीचे नाव लिहिलेला कागद त्याच डब्यात घाला.