दाढदुखी : थांबू नये केव्हा?

दाढ दुखली की आमच्या कारंज्यात लवंग दाबून चार दिवस काढले जातात. लवंगेने ठणका कमी होतो. मुळाशी साठलेला पू मात्र जात नाही. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा. सुजेवर गरम शेक देऊ नये. गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला तर जिवाला धोका असतो. १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालयात जावे.

खेळताना मुलाचा पक्का दात निखळला, तर मूळ न चोळता तो थंड दुधात ठेवून अर्ध्या तासात आणा, असे मी पालकांना सांगतो. तो पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवीत नाहीत.