न बोलता ठरलेला सौदा

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर हिहोन नावाचे बंदराचे शहर आहे. तेथील प्रमुख दैनिकाचे नाव ‘एल कोमेर्सिओ’, म्हणजे शब्दशः ‘व्यापार’. जून १९८२ मध्ये या दैनिकाने आपल्याच शहरात झालेल्या एका विश्वचषक सामन्याचा वृत्तान्त क्रीडापानावर न छापता गुन्हेगारीच्या बातम्यांमध्ये छापला. सामन्यात मारामारी झाली नव्हती. कोणाला अटकही झाली नव्हती. पंचांच्या नोंदवहीत आक्षेपार्ह म्हणावे असे काही नव्हते. तरीही त्या संपादकांचा निर्णय चुकला, असे आजवर फारसे कोणी म्हटलेले नाही.

फुटबॉलच्या जगात पैशाचे गैरव्यवहार पुष्कळ झाले. मे २०१५ मध्ये झुरिकच्या एका आलिशान हॉटेलात भल्या पहाटे पोलीस शिरले आणि जागतिक संघटनेचे, म्हणजे ‘फिफा’चे, पदाधिकारी पकडले गेले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. परंतु त्या प्रकरणात बँकेची खाती होती, दलाली होती, कबुलीजबाब होते. जेथे कागद असतो तेथे चौकशी होऊ शकते. हिहोनचे प्रकरण निराळे आहे. तेथे कागद नव्हता, पैसा नव्हता, कदाचित उच्चारलेला एक शब्दही नव्हता. तरी सौदा झाला, आणि त्याची किंमत तिसऱ्याच पक्षाने मोजली.

तो तिसरा पक्ष म्हणजे अल्जीरिया. १३२ वर्षे फ्रेंच सत्तेखाली राहिलेला हा देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या स्वातंत्र्यलढ्यात फुटबॉललाही स्थान होते. एप्रिल १९५८ मध्ये फ्रान्समधील नामांकित संघांतून खेळणारे काही अल्जीरियन खेळाडू पगार, कीर्ती आणि घरदार सोडून गुपचूप सीमेपार गेले आणि ट्युनिस येथे त्यांनी स्वातंत्र्य चळवळीचा संघ उभा केला. फिफाने त्या संघाला मान्यता दिली नाही. त्या खेळाडूंपैकी रशीद मेखलूफी हे फ्रान्सच्या विश्वचषक संघात निवडले जाण्याच्या उंबरठ्यावर होते. चोवीस वर्षांनी, १९८२ मध्ये अल्जीरिया प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला तेव्हा प्रशिक्षकांच्या जोडीत तेच मेखलूफी होते.

पहिलाच सामना युरोपविजेत्या पश्चिम जर्मनीशी. जर्मन गोटात या सामन्याची फारशी चिंता नव्हती. हरलो तर पहिल्या गाडीने घरी परतू, अशा अर्थाची थट्टा प्रशिक्षक युप डेरवाल यांनी केल्याचे सांगितले जाते. १६ जून रोजी हिहोनच्याच मैदानावर रबाह माजेरने अल्जीरियाला आघाडी मिळवून दिली. रुमेनिगेने बरोबरी साधली, आणि पुढच्याच मिनिटाला चेंडू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे असा सरकत गेला की जर्मन बचावपटूंना त्याला शिवताही आले नाही. अखेरचा स्पर्श लखदर बेलूमीचा होता. अल्जीरिया २, पश्चिम जर्मनी १. विश्वचषकात आफ्रिकी संघाने युरोपीय संघाला हरवण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे अल्जीरिया ऑस्ट्रियाकडून ०-२ ने हरला आणि २४ जून रोजी त्याने चिलीला ३-२ असे नमवले. त्याचे तिन्ही सामने झाले. गटात उरला होता एकच सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया, आणि तो होता दुसऱ्या दिवशी.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकाला पुढचा ताळा क्षणात लागेल. त्या काळी विजयाला दोन गुण मिळत. अल्जीरियाचे चार गुण. केलेले गोल पाच, खाल्लेले पाच, शिल्लक शून्य. ऑस्ट्रियाचे चार गुण. केलेले तीन, खाल्लेला एकही नाही, शिल्लक तीन. जर्मनीचे गुण दोनच, पण केलेले गोल पाच आणि खाल्लेले तीन. दोन संघ पुढे जाणार. जर्मनी हरला वा बरोबरी झाली तर जर्मनी बाहेर. जर्मनीने तीन वा अधिक गोलांच्या फरकाने विजय मिळवला तर ऑस्ट्रिया बाहेर. मात्र जर्मनी एक वा दोन गोलांनी जिंकला तर दोघेही पुढे, आणि बाहेर फक्त अल्जीरिया. ही आकडेमोड २५ जूनच्या सकाळी दोन्ही संघांच्या हाती तयार होती. अल्जीरियाकडे मात्र खेळायला काहीच उरले नव्हते. त्याची वही आदल्याच दिवशी बंद झाली होती.

एल मोलिनोन मैदानावर सुमारे ४१ हजार प्रेक्षक जमले. जर्मनीने आरंभी जोराचा हल्ला चढवला आणि पहिल्या अकरा मिनिटांतच लिटबार्स्कीने दिलेल्या चेंडूवर होर्स्ट ह्रुबेशने गोल केला. १-०. दोघांनाही हवा असलेला भाव फळ्यावर लागला. त्यानंतरही काही वेळ खेळात थोडी धुगधुगी होती. मध्यंतरानंतर तीही विझली. जर्मन खेळाडू आपल्याच अर्ध्या भागात चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. चेंडू ऑस्ट्रियाकडे गेला की तेही तेच करत. समोरचा अंगावर धावून जात नव्हता, चेंडू काढून घेण्याची खटपट करत नव्हता. अधूनमधून एखादा लांबचा फटका, तोही दिशाहीन. ऑस्ट्रियाचा वाल्टर शाखनर तेवढा मनापासून धावत होता, असे त्या दिवसाच्या वर्णनांत वारंवार येते; त्याला बहुधा कोणी इशारा केला नसावा.

प्रेक्षकांना कळायला वेळ लागला नाही. स्पॅनिश लोकांनी पांढरे रुमाल हलवले. फुटबॉलच्या मैदानावर नाराजी दाखवण्याची ती त्यांची रीत. ‘चालते व्हा’ अशा आरोळ्या उठल्या. अल्जीरियाचे समर्थक कठड्याशी येऊन खेळाडूंना चलनी नोटा दाखवू लागले. एका जर्मन प्रेक्षकाने संतापून आपलाच राष्ट्रध्वज पेटवला. जर्मन दूरचित्रवाणीवर समालोचन करणाऱ्या एबरहार्ड स्टान्येक यांनी जे चालले आहे ते लाजिरवाणे असल्याचे प्रेक्षकांना स्पष्ट सांगितले. ऑस्ट्रियाचे समालोचक रॉबर्ट झेगर यांनी तर श्रोत्यांना संच बंद करण्याचा सल्ला दिला. स्वतःच्या संघाला हवा तोच निकाल लागत असताना असे बोलणे सोपे नसते. त्या ऐंशी मिनिटांत कोणी आपले काम चोख केले असेल, तर ते या दोघांनी.

अल्जीरियाने रीतसर तक्रार केली. फिफाने ती फेटाळली. संथ खेळू नये असा नियम नव्हता, आणि दोन संघांत करार झाल्याचा पुरावा नव्हता. पंच, स्कॉटलंडचे बॉब व्हॅलेंटाइन, यांना शिट्टी वाजवण्याजोगे काही सापडलेच नव्हते. अल्जीरियाचा बचावपटू शाबान मर्झकान याने पुढे एका मुलाखतीत सांगितले, की आम्हाला राग आला नाही. दोन बलाढ्य संघांना आम्हाला बाहेर काढण्यासाठी इतके खाली यावे लागले, हा आमचा गौरवच होता. हे बोलणे उदार आहे, पण त्यामुळे हिशेब मिटत नाही.

कायद्याची आणि व्रताची मोजपट्टी कोठे वेगळी होते, हे हिहोनच्या निकालात स्वच्छ दिसते. फिफाने शोधला तो शब्द: कोण कोणाला काय म्हणाला. जैन आचारशास्त्र दोषाचा विचार नऊ अंगांनी करते. मन, वचन आणि काया ही तीन साधने, आणि प्रत्येकाने स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले व दुसऱ्याने केलेल्याला दिलेले अनुमोदन. हिहोनमध्ये वचन सापडले नाही, म्हणून प्रकरण बंद झाले. पण पाय थांबले होते आणि मनाने संमती दिली होती. बावीस खेळाडूंपैकी अनेकांनी स्वतः काही ठरवलेही नसेल. समोरचा थांबला म्हणून तेही थांबले. अनुमोदन हे असेच, आवाज न करता घडते. त्याचा त्याग किती कठीण मानला गेला आहे, हे श्रावकाच्या अकरा प्रतिमांत अनुमतित्यागाला दहावे स्थान आहे यावरून लक्षात येते.

बाजारपेठेत पिढ्या काढलेल्या घरांना हा प्रकार परका नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी पद्धत वडीलधाऱ्यांनी पाहिलेली असते. माल ज्याचा, त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. बाजार समित्यांच्या नियमनाने उघडा लिलाव आला. पण उघड्या लिलावातही चार खरेदीदार एकाच वेळी गप्प राहिले, तर कोणता नियम मोडला असे सांगता येईल? बोली लावली नाही, एवढेच. आणि बाहेर बैलगाडीपाशी उभा असलेला शेतकरी पडेल तो भाव घेऊन जातो.

खरे तर फिफाला इशारा चार वर्षे आधीच मिळाला होता. १९७८ च्या स्पर्धेत लष्करी राजवटीखालील अर्जेंटिना यजमान होती. २१ जून रोजी ब्राझीलने पोलंडला ३-१ ने हरवले, आणि त्यानंतर सुरू झालेल्या सामन्यात अर्जेंटिनाला पेरूविरुद्ध किती गोल हवेत ते नेमके ठाऊक होते: चारांचा फरक. निकाल ६-० लागला. त्या सामन्याविषयी तऱ्हेतऱ्हेचे आरोप आजही होतात आणि सिद्ध झालेला एकही नाही. आरोप बाजूला ठेवले तरी वेळापत्रकाचा दोष उघड होता. दुसऱ्याचा आकडा पाहून आपला आकडा मांडण्याची मुभा एका पक्षाला मिळाली होती. तो दोष दुरुस्त व्हायला हिहोन घडावे लागले.

दुरुस्ती साधी होती. १९८६ च्या विश्वचषकापासून गटातील अखेरचे दोन सामने एकाच दिवशी, एकाच वेळी सुरू होऊ लागले. निविदा भरणाऱ्याला यामागचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. सर्व पाकिटे एकाच वेळी उघडतात, ती याचसाठी.

परंतु माणसाची बुद्धी नियमाच्या पुढे एक पाऊल असते. १९९८ मध्ये व्हिएतनाममध्ये टायगर चषक भरला होता. थायलंड आणि इंडोनेशिया दोघेही उपांत्य फेरीत पोहोचले होते. प्रश्न एवढाच होता, की यजमान व्हिएतनामशी कोणी खेळायचे. गटात पहिला येईल त्याच्या वाट्याला व्हिएतनाम. म्हणून कोणालाच जिंकायचे नव्हते. २-२ अशी बरोबरी असताना, अगदी अखेरच्या क्षणी इंडोनेशियाच्या मुरसिद एफेंदीने जाणूनबुजून आपल्याच जाळ्यात चेंडू मारला. त्याच्यावर आंतरराष्ट्रीय फुटबॉलची आजन्म बंदी आली, दोन्ही संघटनांना प्रत्येकी ४० हजार डॉलर दंड झाला. थायलंड उपांत्य फेरीत व्हिएतनामकडून हरलाच, आणि एवढी चतुराई करून इंडोनेशियाही सिंगापूरकडून हरला.

हे प्रकरण ढोबळ होते, म्हणून शिक्षा झाली. २००४ च्या युरोपीय स्पर्धेतले तसे नव्हते. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यात २-२ अशी बरोबरी झाली तर इटली बाहेर जाणार, हे आधीपासून सगळ्यांना माहीत होते. इटलीत आधीच ओरड सुरू होती. सामना झाला, चुरशीने झाला, आणि २-२ असाच सुटला. ८९ व्या मिनिटाला स्वीडनने बरोबरी साधली. येथे संगनमत होते असे म्हणण्यास आधार नाही. पण संशयाला एकदा जागा मिळाली, की प्रामाणिक मनुष्यही त्यातून सुटत नाही. हिहोनने केलेले मोठे नुकसान कदाचित हेच असेल.

भारताचाही या विषयाशी एक लहानसा संबंध आला, फुटबॉलमध्ये नव्हे, बॅडमिंटनमध्ये. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चीन, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियाच्या मिळून चार जोड्या सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरू लागल्या. त्या खेळाच्या नियमांत पूर्ण प्रयत्न न करणे हाच अपराध होता, त्यामुळे आठही खेळाडूंना स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा मात्र दुसऱ्याच गटात गुणांच्या फरकाने मागे राहिल्या होत्या. आपल्या गटात जपानी जोडी ज्या सामन्यात हरली त्याविषयी भारताने तक्रार केली. ती मान्य झाली नाही.

फिफाने २०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ घेण्याचे ठरवले, तेव्हा पहिला आराखडा तीन-तीन संघांच्या सोळा गटांचा होता. तीन संघांच्या गटात अखेरच्या सामन्याला एक संघ बाहेर बसणारच, म्हणजे हिहोनची पुनरावृत्ती घरबसल्या. टीका झाली आणि मार्च २०२३ मध्ये चार-चार संघांचे बारा गट ठरले. त्यातही आठ तिसऱ्या क्रमांकांच्या संघांना पुढे जाण्याची वाट ठेवली आहे. गट वेगवेगळ्या दिवशी संपतात, त्यामुळे शेवटी खेळणाऱ्यांना इतरांचे आकडे आधीच दिसतात. एक फट बुजवताना दुसरी राहिली.

१९८२ मध्ये ऑस्ट्रिया दुसऱ्या फेरीतच संपला. जर्मनी अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि इटलीकडून ३-१ ने हरला. विश्वचषकात अल्जीरिया आणि जर्मनी पुन्हा समोरासमोर यायला बत्तीस वर्षे लागली: ३० जून २०१४, ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री, बाद फेरीचा सामना. अल्जीरियाच्या संघातील बहुतेक खेळाडू १९८२ मध्ये जन्मलेही नव्हते, पण त्यांचे प्रशिक्षक वाहिद हलिलहोजिच यांनी सामन्याआधी सांगितले, की देश ते विसरलेला नाही. नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाही. जादा वेळेत शुर्लेने आणि मग १२० व्या मिनिटाला ओझिलने गोल केला. ०-२. शिट्टी वाजायला काही क्षण उरले होते आणि खेळण्यासारखे काहीच राहिले नव्हते. त्या उरलेल्या क्षणांत अब्दुलमुमेन जाबूने अल्जीरियासाठी एक गोल केला.