वळणावर ‘कट्-कट्’? आधी चाकामागे पाहा

जुन्या मोटारीच्या चाकांतून आवाज येऊ लागला, की गॅरेजमध्ये एकामागून एक सुटे भाग बदलले जातात. आवाज मात्र अनेकदा तसाच राहतो. तो नेमका कोणत्या वेळी येतो, हे मालकाने नीट ऐकून ठेवले, तर हा खर्च टळू शकतो. जालना जिल्ह्यातील परतूरसारख्या काळ्या मातीच्या तालुक्यात तर ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. तेथे पावसाळ्यात चिकट चिखल आणि उन्हाळ्यात बारीक धूळ चाकांच्या मागे साचत राहते.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ने पुढच्या चाकांना शक्ती देणारी रचना भारतात घरोघरी पोचविली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. या रचनेत गिअरबॉक्सपासून दोन्ही चाकांपर्यंत एकेक ड्राइव्ह शाफ्ट असतो. कारागीर त्याला ‘एक्सल’ म्हणतात. चाक वर-खाली होते आणि वळतेही. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना लवचिक सांधा लागतो. चाकाकडील सांध्यात पोलादी छर्रे खाचांतून फिरतात. अभियंते आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२६ मध्ये शोधलेली ही रचना आजही वापरात आहे.

हा सांधा ग्रीसने भरलेल्या, घड्या असलेल्या रबरी बुटात सुरक्षित असतो. बूट फाटला, की फिरण्याच्या वेगाने ग्रीस बाहेर फेकले जाते आणि चिखल, वाळू आत शिरते. मग छर्रे व खाचा झिजू लागतात.

परीक्षेसाठी मोकळे मैदान पुरेसे आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी. आधी डावीकडे, मग उजवीकडे. वळताना ‘कट्-कट्’ असा आवाज येऊन गाडी सरळ होताच तो थांबला, तर बाहेरचा सांधा झिजला असे समजावे. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताना गाडी थरथरत असेल, किंवा तो दाबता-सोडताना ‘टक्’ असा ठोका बसत असेल, तर संशय आतल्या सांध्यावर घ्यावा.

वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. केवळ खड्ड्यांवर येणारी खटखट सस्पेन्शनकडे बोट दाखविते. अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या, मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत क्लच सोडताना ठोका बसला, तर मधल्या लांब शाफ्टचा ‘क्रॉस’ तपासावा.

चाकाच्या आतल्या बाजूस ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले, तर आवाजाची वाट पाहू नये. सांधा शाबूत असताना बूट व ग्रीस बदलणे स्वस्तात होते. आवाज सुरू झाल्यावर मात्र सांधा, कधी संपूर्ण शाफ्टच बदलावा लागतो. तपासणीसाठी केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

दुर्लक्ष केल्यास सांधा अखेर तुटतो. एका बाजूचा शाफ्ट तुटला, तरी डिफरन्शियलमुळे दुसऱ्या चाकालाही शक्ती मिळेनाशी होते. इंजिन सुरू असते, गिअरही पडतो. पण गाडी जागची हलत नाही. गावापासून दूर, रात्रीच्या वेळी रुग्ण घेऊन निघालेल्या कुटुंबाला हे परवडणारे नाही. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपताच एकदा चारही बूट पाहून घेणे हिताचे.