जुना कॉम्प्युटर बंद पडला, पण त्यातल्या मराठी फाइल्स उघडायच्यात? मग हा उपाय समजून घ्या

श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी जनावरांच्या बाजारासाठी ओळखलं जातं. अशा बाजारगावातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानाची कल्पना करा. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, जत्रेची पत्रकं, पतसंस्थेचे अहवाल... वीस वर्षांचं काम एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. विंडोज एक्सपी, त्यावर पेजमेकर आणि मराठीसाठी श्रीलिपी नाहीतर सी-डॅकचं आयएसएम.

एक दिवस त्याचा मदरबोर्ड जातो. नव्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ आहे. फाइल उघडली, तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

असं का होतं?

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो. जुन्या फॉन्टमध्ये तसं नव्हतं. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असायचे आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचा. तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, म्हणजे ७.०, आली २००१ मध्ये. त्याहून जुने १६-बिट प्रोग्राम तर ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं.

मग व्हर्च्युअल मशीन काय करतं?

नव्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर उभा करतं. त्याला स्वतःची रॅम आणि हार्डडिस्क मिळते. ही हार्डडिस्क म्हणजे खरं तर एक मोठी फाइल असते. आतल्या एक्सपीला वाटतं, आपण खऱ्याच मशीनवर आहोत.

त्यासाठी ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळतं. एक्सपीला ५१२ एमबी रॅम पुरते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू असावं लागतं. एक्सपीची मूळ सीडी आणि प्रॉडक्ट की मात्र हवीच.

अडचण कुठे येते?

एक, डोंगल. मराठी सॉफ्टवेअरचं लॉक यूएसबीचं असेल, तर ते आतल्या मशीनला जोडता येतं. जुन्या प्रिंटर पोर्टवालं असेल, तर बहुतेक वेळा अडतं.

दोन, सुरक्षा. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट थांबवला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला, तेव्हा कंपनीला अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. त्यामुळे आतल्या मशीनचं नेटवर्क बंदच ठेवा. फाइल्स शेअर्ड फोल्डरमधून घ्या. तो फोल्डर बाहेरच्या मशीनलाही दिसतो, म्हणून त्यात गरजेपुरत्याच फाइल्स ठेवा.

तीन, जुनी हार्डडिस्क. मदरबोर्ड गेला म्हणजे डेटा गेला असं नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि सगळ्यात आधी फाइल्स आणि फॉन्ट दोन्हींची कॉपी घ्या. नुसत्या फाइल्स घेतल्या आणि फॉन्ट राहिले, तर पुढची सगळी खटपट वाया जाते.

सगळं नीट बसलं की स्नॅपशॉट घ्या. पुढे काही बिघडलं, तर एक्सपी त्या स्थितीत परत आणता येतं. सगळं मशीन बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवता येतं.

पण तिथेच थांबू नका. महत्त्वाच्या फाइल्सची फॉन्टसकट पीडीएफ काढा, म्हणजे पान जसंच्या तसं राहील. मजकूर पुन्हा वापरायचा असेल, तर तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांखालून घाला. एवढं झालं, की ती जुनी पत्रिका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरही उघडेल.