दिवसाला पंचवीस

"हिरवं कुलूप आलं म्हणजे पेपर मिळतो. राखाडी आलं म्हणजे नाही मिळत. अन् मराठी पानावर गेलं, की कुलूपच येत नाही जी."

फोनवरचं हे बोलणं ऐकून मी कामठ्याला गेलो. बोलणारा तरुण तिथलाच; तो गोंदियातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांवर पीएच.डी. करतो. मी फोन केला होता तो तलावांची माहिती विचारायला. तलाव बाजूला राहिले आणि ते न येणारं कुलूप डोक्यात बसलं.

गोंदिया सोडलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. बिरसीचा विमानतळ जवळच आहे. कामठा ही एकेकाळची मोठी जमीनदारी. इथल्या चिमणा पटेलानं १८१८ साली इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि ते मोडल्यावर जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. हा इतिहास ज्यात सापडतो, तो तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याचा १९०८चा गॅझेटिअर. आर. व्ही. रसेल त्याचे संपादक. त्या तरुणानं तो नागपूरला न जाता वाचला, घराच्या मागच्या खोलीत, धानाच्या पोत्यांना टेकून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

त्याच्या ब्राउझरच्या वरच्या कडेला लहान चित्रांची रांग आहे. त्यातल्या दोन चित्रांवर त्याचं संशोधन चालतं. एक अनपेवॉल, दुसरं झोटेरो.

अनपेवॉल २०१७ साली आलं. हेदर पिवोवर आणि जेसन प्रीम हे त्याचे कर्ते. एखाद्या शोधनिबंधाचं पान उघडलं की हे साधन त्या पानावरचा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, वाचतं आणि आपल्या यादीत शोधतं. लेखकानं तोच निबंध एखाद्या विद्यापीठाच्या भांडारात कायदेशीरपणे खुला ठेवला असेल, तर पानाच्या उजव्या कडेला हिरवं कुलूप येतं. या यादीतल्या खुल्या निबंधांची संख्या पाच कोटींच्या घरात आहे. त्यानं मला एक पान दाखवलं. सिंचनावरचा निबंध, किंमत ३९ डॉलर. तासिकांचं मानधन महिनोन्‌महिने अडकणाऱ्या माणसाला ही किंमत म्हणजे दार बंदच. दोन क्षण काही हललं नाही. मग कडेला कुलूप उगवलं, हिरवं. त्यानं दाबलं आणि एका युरोपीय विद्यापीठाच्या भांडारातून तोच निबंध खाली उतरला.

"पहिल्यांदा असं झालं, तेव्हा मी बाबांना बोलावून दाखवलं," तो म्हणाला.

ही कल्पना अनपेवॉलपेक्षा जुनी आहे. २००२ साली जॉन युडेल या अमेरिकी लेखकानं लायब्ररीलुकअप नावाचं एक बटण केलं. ऑनलाइन पुस्तकविक्रीच्या पानावर असताना ते दाबलं की बटण पानाच्या पत्त्यातला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, उचलायचं आणि गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तालिकेला विचारायचं, हे पुस्तक तुमच्याकडे आहे का? विकत घेण्याआधी वाचकाला कळावं की ते चार गल्ल्या सोडून कपाटात आहे, एवढाच हेतू. काही वर्षांत व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या ग्रंथपाल ॲनेट बेली आणि संगणकशास्त्राचे प्राध्यापक गॉडमार बॅक यांनी लिबएक्स तयार केलं. त्यात प्रत्येक ग्रंथालयाला आपापली आवृत्ती बनवता यायची. वाचक वेबवर कुठेही असो, त्याच्या ग्रंथालयाची खूण पानावर उमटायची. झोटेरो २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठात जन्मलं. पान पुस्तकाचं आहे की निबंधाचं हे ओळखून त्याचं बटण आपलं चित्र बदलतं. एका टिचकीत लेखक, वर्ष, प्रकाशक सगळं जमा होतं.

मोठ्या विद्यापीठांत आणखी एक बटण वापरात असतं. वर्गणीची नियतकालिकं वाचकाला ओळखतात ती बहुधा इंटरनेटच्या पत्त्यावरून. आवारात बसलेला आत, घरी बसलेला बाहेर. हे बटण पान ग्रंथालयाच्या दारातून फिरवून आणतं आणि घरबसल्या वाचक आवारातला ठरतो. आपल्याकडे गांधीनगरचं इन्फ्लिबनेट असा दूरस्थ प्रवेश देतं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं ६,३००हून अधिक सरकारी संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. काम मोठं आहे आणि गरजेचं होतं. पण वर्षावर्षानं नेमला जाणारा खासगी महाविद्यालयातला शिक्षक त्या दाराच्या उंबऱ्यावरच असतो. म्हणून कामठ्यातला हा तरुण हिरव्या कुलपावर विसंबून आहे.

त्या दुपारी त्यानं मला रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६चा ग्रंथ उघडून दाखवला. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते कुणालाही फुकट वाचता येतं. झोटेरोनं नोंद घेतली, संपलं. मग तो एका मराठी नियतकालिकाच्या पानावर गेला. विषय तोच, तलाव. आम्ही दोघं उजव्या कडेकडे पाहत राहिलो.

हिरवं नाही. राखाडीही नाही.

कारणं त्यानं बोटांवर मोजली. बहुतेक मराठी नियतकालिकं डीओआय घेत नाहीत, त्यामुळे साधनाला वाचायला पानावर काहीच नसतं. जुने अंक स्कॅन करून चढवलेले असतात. माणसाच्या डोळ्यांना ती अक्षरं, यंत्राच्या लेखी नुसतं छायाचित्र. जिथे अक्षरं आहेत तिथे ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात, युनिकोडमध्ये नाहीत. 'तलाव' असं शोधलं तर सापडत नाही, कारण आत साठवलेली चिन्हं भलतीच असतात. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतो. युडेलचं बटण ज्या एका आकड्यावर चालायचं, तोच नाही. आणि आपलं जवळचं ग्रंथालय? त्याची तालिका वेबवर असेल तरच बटण तिला विचारू शकेल.

"युरोपातला कागद मला खोलीत सापडतो," तो म्हणाला. "इथून थोड्या अंतरावरच्या वाचनालयात काय आहे, ते तिथं गेल्याशिवाय नाही समजत. चला, ताईंकडे जाऊ."

वाचनालय कामठ्याच्या परिसरातल्याच एका गावात आहे. वाटेत उकड्या तांदळाच्या गिरणीवरून गेलो. भिजून शिजलेल्या धानाचा आंबूस, दमट वास रस्ताभर होता आणि तो वाचनालयाच्या आत, थेट कपाटांपर्यंत आला होता. ग्रंथपाल ताईंना तो जाणवतही नाही. मला मात्र आता धानाचा वास आला की त्यांचं टेबल दिसतं.

टेबलावर एक जुना संगणक आणि त्याच्या डाव्या बाजूला उघडी दाखल नोंदवही. लाल कापडी पुठ्ठा, आत उभे रकाने: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत. सार्वजनिक ग्रंथालयांचा महाराष्ट्रातला कायदा १९६७चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळवून अनुदानावर चालणारी हजारो वाचनालयं राज्यात आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांची सगळी स्मृती अशा नोंदवह्यांत आहे. ताईंच्या नोंदवहीतलं पहिलं अक्षर त्यांच्याही आधीच्या ग्रंथपालांच्या हातचं, टाकानं लिहिलेलं.

संगणकावर कोहा आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयानं २००० साली वापरात आणलेली, कुणालाही विनामूल्य घेता येणारी ग्रंथालय-प्रणाली. ती बसवून दिली कामठ्याच्या तरुणानं. नोंदी करतात ताई.

"दिवसाला किती होतात?" मी विचारलं.

"पंचवीस. लाइन राहिली तर."

पंचवीस ऐकून मला कमी वाटलं. मग मी शेजारी बसून पाहिलं.

इंग्रजी पुस्तक आलं, तर ताई आयएसबीएन टाकतात. कोहा दुसऱ्या ग्रंथालयाला विचारून तयार नोंद आणतं. अर्धा मिनिट. मराठी पुस्तक आलं, की पुस्तक हातात घ्यावं लागतं. मुखपृष्ठावर एक शीर्षक, आतल्या पानावर थोडं वेगळं. लेखकाचं नाव कुठे आद्याक्षरांनी, कुठे पूर्ण, कुठे नुसतं टोपणनाव. तिन्ही मिळून एकच माणूस आहे हे नोंदीत सांगावं लागतं, नाहीतर शोधणाऱ्याला तीन लेखक दिसतील. कधी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तकाची नोंद सापडतेही. त्या ग्रंथालयाचं दिल्लीत १९६२पासून कार्यालय आहे आणि ते भारतीय भाषांतली पुस्तकं जमवत आलं आहे. पण नोंद रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि खाली टिंबं असलेली. आपल्या गावचा वाचक तसं लिहून शोधणार नाही. ताई ती पुन्हा देवनागरीत लिहितात.

त्या दिवशी त्यांच्या हातात एक स्मरणिका आली. झाडीबोलीच्या संमेलनाची. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य वाहून जिचा अभ्यास केला, ती ही आमच्या झाडीपट्टीची बोली. स्मरणिकेला आयएसबीएन नव्हता. किंमतही छापलेली नव्हती. कपाटात ती 'संकीर्ण'मध्ये पडून होती, आणि तिच्यात एका निवृत्त शिक्षकाचा गावतलावाच्या पाळीवरचा लेख होता. ताईंनी स्मरणिकेची नोंद केली, मग थांबल्या, अनुक्रमणिका उघडली आणि आतल्या प्रत्येक लेखाचं नाव आणि लेखक टीप म्हणून टाकू लागल्या. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. यासाठी जास्तीचा पैसा नाही. लेख संपले तेव्हा घड्याळ बरंच पुढे गेलं होतं.

"आज पंचवीस नाही होत," त्या म्हणाल्या, "पण हे कोणाला तरी लागंल."

ज्याला लागणार होतं तो शेजारीच उभा होता. तलावांवर संशोधन करताना हा लेख अस्तित्वात आहे, हे त्याला माहीत नव्हतं. जगातल्या कुठल्याही शोधयंत्रालाही नव्हतं. ताईंनी 'जतन करा' दाबलं. त्यानं आपला लॅपटॉप त्याच जाळ्यावर जोडून वाचनालयाची तालिका उघडली आणि 'तलाव' असं देवनागरीत लिहिलं. स्मरणिका आली. कोहा आपल्या पानात नोंदीचा तपशील यंत्राला वाचता येईल अशा रीतीनं ठेवतं, म्हणून झोटेरोच्या बटणाचं चित्र बदललं आणि तिथे लहानसं निळं पुस्तक दिसू लागलं. त्यानं ते दाबलं. रसेल-हिरालालच्या खाली, युरोपातल्या निबंधाच्या शेजारी, त्या निवृत्त शिक्षकाचा लेख ज्यात आहे ती स्मरणिका जाऊन बसली.

ताईंनी विचारलं, "झालं का सर?" आणि पुढचं पुस्तक घेतलं.

मला त्या कामातून जे समजलं ते असं. ब्राउझरमधलं बटण काही निर्माण करत नाही. हिरवं कुलूप येतं, कारण कुठल्यातरी विद्यापीठात कुणीतरी निबंध भांडारात ठेवला आणि त्याची नोंद नीट केली. लिबएक्सची खूण उमटायची, कारण तिथल्या ग्रंथालयांनी त्याआधी कित्येक वर्षं कार्डांवरून संगणकावर नोंदी केल्या होत्या. लिहिणारे प्रोग्रामर चार-दोन असतात आणि त्यांची नावं राहतात. नोंदी करणारे हजारो असतात. मराठी पानावर कुलूप न येण्याचं कारण मराठीत ज्ञान नाही हे नाही. ते ज्ञान यंत्राला वाचता येईल असं लिहून ठेवणाऱ्या माणसाला आपण कामावर ठेवलेलं नाही, हे आहे.

हे करता येण्यासारखं आहे. मराठी विश्वकोशाचे खंड आज मोबाइलवर शोधता येतात, राज्याचे गॅझेटिअर वाचता येतात. शासनानं मनावर घेतलं तेव्हा ते झालं. आता पाळी वाचनालयांची आहे. प्रणाली फुकट आहे, देवनागरी चालते, जुना संगणक पुरतो. लागतो तो एका माणसाचा पगार आणि त्या तालिकेला वेबवर जागा. आज ताईंची तालिका त्या खोलीतल्या जाळ्यापुरतीच आहे. दार बंद झालं की तीही बंद. मराठी नियतकालिकांनी युनिकोड आणि डीओआय स्वीकारले, तर उजव्या कडेला निदान राखाडी कुलूप तरी येईल. राखाडी म्हणजे यंत्राला लेख माहीत आहे, फक्त खुला नाही. आज तेवढीही ओळख नाही.

६,००० कोटींनी जगाची नियतकालिकं आपल्या विद्यापीठांत आली, ती यायलाच हवी होती. पण आपल्याच तलावांवर, आपल्याच बोलीत, आपल्याच शिक्षकानं लिहिलेला लेख शोधणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो दिवसाला पंचवीस या वेगानं, एका गावात, एका बाईच्या हातून. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात असा एक माणूस पूर्ण पगारावर नोंदी करायला बसवा. पंचवीसच्या पंचवीस नोंदी जमणार नाहीत अशा दिवसांचाही पगार त्याला द्या.