संगणकाला द्यायची दोन ओळींची चिठ्ठी



बेणे, खत, हुमणी सोडून ऊस विकास विभागाने आता संगणकावर लिहायला घेतले, असे वाचून काहीजण हसतील. हसावे, पण पुढे वाचावे. तुमच्या लागणीची तारीख आता नुसती आमच्या डायरीत राहत नाही. ती गट कार्यालयातल्या संगणकात जाते आणि तोडीचा क्रम त्या तारखेवर लागतो. विकास सोसायट्यांचेही तेच झाले आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक शेती पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, त्यामुळे सचिवांच्या टेबलावरची लाल बांधणीची वही मागे पडत चालली आहे. शिवाय घरोघरी मुलांचे लॅपटॉप आहेतच. यंत्र चालू करायला सगळ्यांना येते, बंद करायची शिस्त मात्र थोड्यांना आहे.

संध्याकाळी घाईने निघताना नोंदीचे पान उघडेच राहते. रात्री लाईट जाते, इन्व्हर्टर दमेपर्यंत ओढतो आणि पहाटे कधीतरी संगणक फटकन बंद पडतो. त्या वेळी डिस्कवर लिहिणे चालू असेल तर फाईल अर्धवट राहते आणि सकाळी उघडत नाही. मग कागदी पावत्या शोधून पुन्हा नोंदी करत बसायचे. पावती हरवली असेल, तर ज्याचा ऊस आधी लागला तो तोडीला मागे पडायचा. आमच्याकडे येणारी भांडणे बऱ्याच वेळा या जातीची असतात.

वारणाकाठाला संगणकाचा अनुभव आपल्या आधीचा आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ योजना सुरू झाली. ऊस उत्पादकाला आपल्या उसाची माहिती गावातच संगणकावर मिळावी, हा हेतू. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले आणि २००७ मध्ये त्याचा अहवाल मांडला. मोबाईल स्वस्त पडला. खेड्यातली वीज आणि यंत्राची देखभाल या संगणकाच्या जुन्या दुखण्या होत्या. यावरून संगणक नकोच, असे म्हणणारे आम्हाला भेटतात. आम्हाला ते पटत नाही. मोबाईलवर आलेला तुमच्या टनाचा आकडा शेवटी कुठल्यातरी संगणकातूनच निघालेला असतो. तो संगणक नीट बंद व्हायला पाहिजे, एवढेच.

बंद होण्याचे प्रकार तीन. पहिला पुरता बंद, म्हणजे शटडाऊन. दुसरा स्लीप, म्हणजे झोप. यात पडदा काळा होतो, पण उघडे काम तात्पुरत्या स्मरणात राहते आणि त्या स्मरणाला थोडी वीज लागतच राहते. तिसरा हायबरनेट. यात उघडे असलेले सगळे काम डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते, मग वीज नसली तरी चालते. मोटारीच्या भाषेत सांगायचे तर झोप म्हणजे पाइपात पाणी धरून मोटार बंद करणे. फुटव्हॉल्व्ह गळला की पाणी उतरले. हायबरनेट म्हणजे पाणी आधी टाकीत काढून ठेवणे. आपल्याकडच्या विजेला झोप परवडत नाही. रात्रीसाठी हायबरनेटच करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे रोज आठवणीने करायला नको. चिटबॉय जशी टोळीला तोडीची चिठ्ठी देतो, तशी संगणकाला एकदाच चिठ्ठी लिहून द्यायची. जाणकार तिला स्क्रिप्ट म्हणतात. विंडोजच्या संगणकावर नोटपॅड उघडा आणि दोन ओळी लिहा. पहिली: टाइमआउट, जागा सोडून तिरकी रेघ व टी, पुन्हा जागा सोडून ६००. दुसरी: शटडाऊन, जागा सोडून तिरकी रेघ व एच. अक्षरे आणि आकडे सगळे इंग्रजीत पाहिजेत, हे विसरू नका. आम्ही इथे मराठीत वाचून दाखवतो आहोत. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन बी-ए-टी लावा. नाहीतर टी-एक्स-टीचे शेपूट लागते आणि चिठ्ठी नुसती वाचायची राहते, पाळली जात नाही.

या चिठ्ठीचा अर्थ असा: सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटे थांब, मग हायबरनेट हो. कोणी कामावर बसले असेल तर त्याने ती काळी खिडकी बंद करावी, हुकूम रद्द होतो. पण मध्येच कुठलीही कळ दाबू नये. कळ दाबली की थांबणे संपले आणि दुसरी ओळ लगेच चालू. यंत्रात हायबरनेट बंद असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत एकदा ‘पॉवरसीएफजी /एच ऑन’ असे इंग्रजीत टाइप करावे.

मुले यूट्यूबवर बघून दुसरीच ओळ लिहितात: ‘शटडाऊन /एस /टी ६००’. तीही चालते, पण तिच्यात खोच आहे. सेकंद शून्यापेक्षा जास्त दिले की विंडोज उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करतो, सेव्ह न केलेले गेले. वेळेत लक्षात आले तर ‘शटडाऊन /ए’ लिहून ते थांबवता येते. लिनक्स असेल तर आणखी सांभाळा. तिथे शटडाऊनपुढच्या ‘-एच’चा अर्थ हायबरनेट नव्हे, पुरता बंद.

आता वेळ लावणे. विंडोजमध्येच टास्क शेड्युलर आहे. त्यात रोज संध्याकाळी सातची वेळ देऊन ही चिठ्ठी जोडावी. लॅपटॉप असेल तर त्यातली ‘विजेवर असेल तरच चालव’ ही खूण काढावी, नाहीतर ऐन लाईट गेलेल्या दिवशी चिठ्ठी गप्प बसते.

लाईट कधी गेली हे संगणकाला आपोआप कळावे, अशी अपेक्षा असते. साध्या इन्व्हर्टरवर ते कळत नाही, त्याला वाटते लाईन चालूच आहे. जयसिंगपूरच्या बाजारात यूपीएस घेताना त्याला संगणकाशी जोडायची यूएसबी वायर आहे का, हे विचारा. अशी वायर जोडली की विंडोज बहुतेक यूपीएसना बॅटरी समजतो आणि चार्ज फार खाली गेला की हायबरनेट हो, असे पॉवर ऑप्शन्समध्ये ठरवता येते. तिथे चिठ्ठीचीही गरज नाही. नुसता पी-पी वाजणारा यूपीएस माणूस जागा असेल तोवरच उपयोगी.

मोटारीला ऑटो स्विच असतो, लाईट आली की ती आपोआप सुरू होते. टेबलावरच्या बऱ्याच संगणकांतही तो असतो. चालू करताना जो बायोसचा पडदा उघडता येतो, त्यात ‘वीज परतल्यावर काय करायचे’ ही नोंद बघावी. कार्यालयात ती बंदवर ठेवावी. पावसाळ्यात लाईट आली-गेली असे पाच-सहा वेळा होते आणि प्रत्येक झटक्याला यंत्र अर्धवट उठते.

शिरोळ तालुक्याला २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगायला नकोत. पाणी चढू लागले की वीज तोडली जाते आणि सामान वर न्यायची धांदल उडते. हायबरनेट झालेला संगणक वायरी काढून उचलता येतो, झोपेतल्या टेबलावरच्या संगणकाची वायर काढली की उघडे काम गेले. पण डिस्कच भिजली तर हायबरनेट काही वाचवत नाही. म्हणून नोंदीची प्रत आठवड्याला पेनड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्या गावी ठेवावी. नदीकाठच्या सोसायट्यांनी जून संपायच्या आत हे करावे.

चिठ्ठीचा नमुना इंग्रजी अक्षरांत छापून गट कार्यालयात लावला आहे. सोसायटीचे सचिव व ज्या सभासदांना घरच्या संगणकासाठी हवा असेल त्यांनी कामाच्या वेळेत यावे, पेनड्राइव्ह सोबत आणावा. खोडव्याच्या नोंदीचे कागदही त्याच वेळी आणले तर एका हेलपाट्यात दोन्ही कामे होतील.