संगणकावरील चित्र अंधुक कां दिसतें?



माझ्या धाकट्या बहिणीचें लग्न १९९१ सालीं नाचणगांवीं, आमच्या घरासमोर घातलेल्या मांडवांत झालें. लग्नसमारंभ व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेण्याची हौस त्या सुमारास लहान गांवांतूनहि दिसूं लागली होती. त्या कॅसेटमध्यें मंगलाष्टकें म्हणणारी माझी आई दिसते. आई २००४ सालीं वारली. तिचीं छायाचित्रें घरांत पुष्कळ आहेत. परंतु तिचा आवाज आणि तिचें चालतें-बोलतें रूप त्या एका फितीवांचून दुसरीकडे कोठेंहि नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत ही फीत संगणकांत उतरवून ठेवावी असें मीं मनावर घेतलें. संगणकांत एक जुनें ट्यूनर कार्ड होतें. पूर्वीं केबलवरील कार्यक्रम संगणकाच्या पडद्यावर पाहतां यावेत म्हणून तें बसविलें होतें. पुढें जुन्या पद्धतीचें केबल-प्रक्षेपण टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचें कायद्यानें ठरलें. त्यासाठीं नागपुरास २०१३ च्या मार्चची, तर आमच्यासारख्या गांवांना २०१७ च्या मार्चची मुदत होती. घरोघर सेट-टॉप बॉक्स आले आणि हें कार्ड बेकार झालें. परंतु व्हीसीआरमधून निघणारें चित्र त्याच जुन्या पद्धतीचें असल्यामुळें एवढें एक काम त्याच्यासाठीं उरलें होतें.

व्हीसीआर जोडला, फीत लावली, आणि पाहतों तों पडद्यावर मुंग्यांचें वारूळ फुटलेलें! त्यांत माणसांच्या दुहेरी सावल्या, आणि खालून वर संथपणें सरकणारा एक काळसर पट्टा. पुण्याहून आलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, हा संगणकच आतां बदला." मी म्हटलें, "अरे, रोग कोठें आहे तें कळण्यापूर्वींच रोगी कशाला बदलतोस?"

चित्र फितींतून निघतें, व्हीसीआरमधून तारेंत येतें, तारेंतून कार्डांत, आणि तेथून संगणकाच्या पडद्यावर. विहिरीपासून वाफ्यापर्यंत जाणाऱ्या पाटासारखाच हा प्रवास आहे. विहिरीजवळच पाट फुटला असेल, तर वाफ्याशीं कितीहि खटपट केली तरी पाणी वाढत नाहीं. तसेंच, चित्राचा जो अंश मागें गळाला तो पुढें कोणत्याहि युक्तीनें भरून निघत नाहीं. म्हणून दोष शोधावयाचा तो उगमाकडून शोधावा, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र सुधारलें, तर गुण कशाचा हें कळत नाहीं.

पहिली परीक्षा उगमाची. तोच व्हीसीआर घरांतील साध्या टीव्हीला जोडून पाहावा. तेथेंहि चित्र वाईट असेल, तर संगणक निर्दोष आहे. पडद्याच्या वर किंवा खालीं आडवा खरखरीत पट्टा दिसत असेल, तर व्हीसीआरचें ट्रॅकिंगचें बटण हळूहळू फिरवावें. सर्व चित्रभर पांढऱ्या रेघा येत असतील, तर फीत वाचणारें हेड बहुधा मळलेलें असतें. तें स्वच्छ करण्यास कापसाचा बोळा कधींहि वापरूं नये. कापूस हें आमच्या मुलखाचें वैभव खरें, पण त्याचे तंतू त्या नाजूक हेडांत अडकून तें निकामी होऊं शकतें. त्यासाठीं मिळणारी सफाईची कॅसेट वापरावी, किंवा जाणत्या कारागिराकडे जावें. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती यंत्रांत घालूंच नये. बुरशी हेडाला लागते आणि तेथून दुसऱ्या फितींस.

दुसरी परीक्षा तारेची. व्हीसीआरमधून चित्र बाहेर नेण्याचे दोन मार्ग असतात. अँटेनाच्या तारेनें नेल्यास व्हीसीआर एखाद्या चिमुकल्या प्रक्षेपण केंद्राप्रमाणें चित्र लहरींवर चढवितो, आणि ट्यूनर कार्ड तें पुन्हां उतरवून घेतें. शेजारच्या खोलींत द्यावयाची वस्तु पार्सल बांधून टपालानें पाठवावी, तशांतला हा प्रकार. पिवळ्या टोकाच्या तारेनें हा फेरा वांचतो आणि चित्र अधिक स्वच्छ येतें. मीं मात्र अँटेनाची तार लावली होती, आणि ती तोकडी पडल्यामुळें दुसरा तुकडा नुसता पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडला होता. मुंग्या आणि दुहेरी सावल्या त्या सांध्यांतून आल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून मीं आधीं बूस्टर आणला. पण बूस्टर चित्राबरोबर मुंग्याहि वाढवितो! अखेर पिवळी तार लावली, तेव्हां वारूळ नाहींसें झालें.

सरकणारा पट्टा मात्र राहिला. हा दोष जमिनीच्या जोडणीचा. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते, आणि टीव्हीचें चित्रहि सेकंदाला ५० अर्धचित्रांनीं बनतें. म्हणून विजेचा अंश चित्रांत शिरला कीं असा पट्टा उमटतो. संगणक आणि व्हीसीआर एकाच बोर्डावर जोडले, केबलची तार सोडविली, आणि पट्टा गेला. यासाठीं तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कोणी काढूं नये. ती जिवाच्या रक्षणाकरितां आहे.

तिसरी परीक्षा संगणकांतील मांडणीची. आपल्याकडील पद्धत पाल. तिच्याऐवजीं अमेरिकन पद्धत निवडली गेल्यास रंग जातात किंवा चित्र गडगडतें. पालचें चित्र ६२५ रेघांचें. त्यांपैकीं ५७६ रेघांत दृश्य असतें. आधीं विषम रेघा, मग सम, असें तें दोन हप्त्यांत येतें. म्हणून संगणकावर हलणाऱ्या माणसाच्या कडांना फणीसारखे दांते दिसतात. हा बिघाड नव्हे. डी-इंटरलेस नांवाची सोय चालू केली कीं दांते जातात. व्हीएचएस फितींत आडव्या दिशेनें सुमारें २४० रेघांइतकाच तपशील असतो. खिडकी मोठी केल्यानें तो वाढत नाहीं, पसरट मात्र होतो.

आतां माझी चूक सांगतों. हे सारे प्रयोग मीं त्याच फितीवर केले, आणि तेहि त्याच ठिकाणीं. कारण चित्र सुधारलें कीं नाहीं हें आईच्या चेहऱ्यावरून मला चटकन कळे. सातव्या कीं आठव्या खेपेस फीत यंत्रांत अडकली आणि चुरगळली. ती सोडविली, पण दुसऱ्या मंगलाष्टकाच्या मध्यावर आतां आईचा चेहरा विसकटतो आणि आवाज दोन-तीन सेकंद तुटतो. तेवढी आई माझ्या हातानें गेली. बाकीची संगणकांत सुरक्षित आहे, आणि तिची एक प्रत बहिणीकडेहि आहे.

जपानमधील फुनाई ही कंपनी शेवटपर्यंत व्हीसीआर बनवीत होती. तिनेंहि २०१६ सालीं तें काम थांबविलें. घरोघरचे उरलेले व्हीसीआर आतां म्हातारे होत आहेत, आणि फितीहि. आपल्या कपाटांत अशी एखादी फीत असेल, तर ती या वर्षींच उतरवून घ्या. मात्र तारा, बटणें आणि मांडणी यांची सारी परीक्षा एखाद्या जुन्या सिनेमाच्या टाकाऊ कॅसेटवर करा. सर्व जुळलें म्हणजे मगच आपली फीत लावा, आणि तीहि एकदांच.